पाटाचं तोंड

“मेलेलं रान ज्याच्या पाण्याने जगेल, रान त्याचं,” कायदने, म्हणजे टोळीच्या सरदाराने, रिवाजाप्रमाणे निवाडा दिला आणि पुदिन्याचा चहा संपवला. “पुढच्या वसंतात बघायला येतो.”

लहसेन खूश झाला. आजोबांचं रान दुष्काळात करपलं होतं, विहीर आटली होती, आणि शेजारच्या फ्रेंचांच्या गोल्फ क्लबला ते हवं होतं. एवढासा चेंडू, पण त्याला अख्खा डोंगरपायथा पुरत नव्हता.

“जगवणार कशाने? थुंकीने?” बायको इट्टोने विचारलं.

उत्तर तिच्या भावाकडे होतं. हम्मू क्लबचा पहारेकरी.

“दाजी, गवताला पाणी द्यायचा नळ तुमच्या बांधाला लागूनच आहे. कुलूपसुद्धा नाही.”

“आणि तुझा साहेब?”

“देलॉर्म? तो झुडपात चेंडू शोधत असतो.”

लहसेनने नळापासून पाट खणला. इतका सरळ, की बघणाऱ्याने मान डोलवावी. रोज पहाटे तो पाणी सोडायचा आणि उजाडलं की नळ बंद करायचा.

एकदा देलॉर्म समोरच आला. लहसेनने फावडं पाठीमागे लपवलं. साहेबाने टोपी उचलली, “जव छान आलेत हं,” म्हणाला आणि झुडपात शिरला.

“एवढा शिकलेला, पण नजर चेंडूपलीकडे जात नाही!” लहसेन घरी येऊन पोट धरून हसला.

इट्टो हसली नाही. “फुकटचं पाणी पचायला जड असतं.”

वसंतात जव गुडघ्याला लागले. कायद आला. लहसेनने मेंढा कापला. देलॉर्मही आला आणि त्यानेच आधी टाळ्या वाजवल्या. “रान जगलं! आमची काही तक्रार नाही.”

कायदने जवांकडे पाहिलंही नाही. पाण्याचा निवाडा करणारे पीक बघत नसतात. ते पाट धरून वर चालतात, थेट तोंडापर्यंत. हे टोळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लहसेनला ते आत्ता आठवलं.

कायद चालू लागला. पाटाला कुठे वळण म्हणून नव्हतं.

“पाणी कुणाचं?” नळापाशी थांबून त्याने विचारलं.

हम्मू बुटांकडे बघत होता.

“आमचं,” देलॉर्म हळहळला. “पण चोरी म्हणू नका, कायद. बिचाऱ्याने फार कष्ट केलेत.”

“मग रानही तुमचंच.”

देलॉर्मने टोपी उचलली आणि लहसेनच्या मेव्हण्याकडे वळला. “हम्मू, गेल्या वर्षी काढून ठेवायला सांगितलं होतं, ते कुलूप आण आता.”