यंदाचे चार शब्द

मसाका शहरातल्या दवाखान्यात एचआयव्हीच्या जुन्या रुग्णांची, आजार मेंदूपर्यंत पोचला नाही ना हे बघायला, दरवर्षी स्मरणशक्तीची आणि हातांची तपासणी होते. जुळ्यांची आई म्हणून जिला सगळे नालोंगो म्हणतात, ती समोर बसताच सिस्टर नाबुकेन्याने चार शब्द सांगितले.

"कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. शेवटी विचारीन हं."

मग टेबलावर हात ठेवायचा. मूठ, तळवा, कड, पुन्हा मूठ. चटया विणणारे ते हात असे सुटले की मोजता मोजता सिस्टरच चुकली.

"पुरे गं बाई! आता शब्द सांग."

"शेळी, केळं, मडकं, पिवळा."

सिस्टरचा चेहरा पडला. "चुकलीस, नालोंगो."

"चुकते कशाला? हे मागच्या वर्षीचे. यंदाचे कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. जुळी वाढवलीत मी, ह्याचं त्याला होऊ देत नाही."

सिस्टरने हसत पूर्ण गुण लिहिले. "जा आता."

नालोंगो उठली, पण बाहेर न जाता तिने दार आतून लोटून घेतलं आणि सिस्टरच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"एकोणीस वर्षं एकाच खिडकीवर गोळ्या घेतोय आपण दोघी. तुझी तपासणी कोण करतं गं? चल, ठेव हात. मूठ!"