न पुसलेली बॅटरी

"आई, बॅटरी पुसून आणलीस ना?" रिमोट दाबत मृण्मयीने विचारलं. शर्यतीची छोटी गाडी तिचं ऐकतच नव्हती.

"पुसायचंय काय त्यात? बाबांच्या व्हीलचेअरमधली आहे. रोज बागेत जायचे नि परत यायचे," शरयू म्हणाली.

लिथियमच्या बॅटऱ्या आता रस्ते लक्षात ठेवत. म्हणून माणूस गेल्यावर लोक त्या आधी पुसून घेत.

गाडी फाटकाबाहेर पडली. बाग मागे टाकून ती गल्लीत वळली आणि एका निळ्या दाराला दोनदा धडकून थांबली. धापा टाकत मागे आलेली शरयू जागीच थिजली. हे तिच्या दिराचं, सदानंदचं घर. वाटणीच्या भांडणानंतर तिने नवऱ्याला इथे न येण्याची शपथ घातली होती. त्याच्या मरणाचा निरोपही तिने इथे धाडू दिला नव्हता.

"आलो, आलो!" आतून सदानंदचा हसरा आवाज आला. "इतके दिवस कुठं दडी मारलीस, दादा? वहिनीनं पकडलं वाटतं!"

दार उघडलं. त्याने खाली गाडीकडे पाहिलं, मग शरयूच्या मोकळ्या कपाळाकडे.

"वहिनी," त्याने विचारलं, "कधी?"