ताईबाईंची एक ओळ

"आठे ताईबाई दम लेत नही," नवऱ्याने ओळीच्या मध्येच श्वास घेतला तशी हुस्नबानो म्हणाली.

नूर महंमदने सॅक्सोफोन ओठांवरून काढला आणि बायकोकडे रागाने पाहिलं. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा अभिमन हसू दाबत होता. अमळनेरच्या लग्नांत पस्तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवलेल्या माणसाला बायकोने शिकवावं, म्हणजे अतिच झालं.

"तुले काय समजस?"

"आयकी आयकी समजस." तिने पिशवीतून दम्याचा पंप काढून त्याच्या हातात दिला.

पंप सांभाळायचा म्हणूनच ती धुळ्याच्या या स्टुडिओत आली होती. वाजवणं बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते बंद करण्याआधी नूरला ताईबाई सोनगीरकरांच्या आठ गाण्यांचा अल्बम करायचा होता. गाणी अहिराणी, पण वाजवायची जॅझच्या ढंगात. मुंबईच्या हॉटेलांत वाजवून आलेल्या उस्तादाने तो ढंग त्याला शिकवला होता. ताईबाईंच्या कॅसेट सगळ्या खान्देशाने झिजवल्या होत्या. बाई मंचावर कधी आल्या नाहीत, त्यामुळे त्यांचा मान आणखीच वाढला. शेवटची कॅसेट निघाली ती नूरच्या लग्नाच्या वर्षी. मग बाई गप्प झाल्या. का, ते कुणाला कळलं नाही.

नूर त्या आवाजापायी वेडा होता आणि हुस्नबानोने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. तिचे वडील धुळ्यात हार्मोनियम दुरुस्त करायचे. पोरगी जरा गुणगुणते, असं त्यांनी लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकलं होतं. तेव्हा नूरने एकच अट घातली होती. घरात वाजवणारा एक पुरे, गाणारी नको. हुस्नबानोने ती अट इतकी पाळली की पोरांना निजवतानाही ती नुसती थोपटायची. नूर हे चारचौघांत कौतुकाने सांगे.

आठही गाणी झाली. राहिली एक ओळ. अल्बमची सुरुवात ताईबाईंच्या आवाजात व्हावी, कॅसेटमधल्या नव्हे, आजच्या, असा त्याचा हट्ट होता. त्याने चार महिने जळगावला त्यांच्या घरी फोन केले. ताईबाईंची मुलगी नूतन दर वेळी तेच सांगे, आईचा गळा गेला. इकडे नूरला जिना चढताना तीनदा थांबावं लागत होतं. शेवटी तो स्वतःच निघाला.

"माले गाडी लागस," हुस्नबानो म्हणाली. पण पंप कोण धरणार? तिला यावंच लागलं. एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली.

ताईबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली. नूरने फोनवर पहिलं गाणं लावलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. स्टुडिओत हुस्नबानोने टोकलं होतं ती जागा आली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि दाराशी बसलेल्या तिच्याकडे पाहिलं.

गाणं संपलं. नूरने हात जोडले.

"अक्का, एकच ओळ म्हना. गळा कसाबी राहो."

ताईबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"चार महिना व्हयनात, अक्का. मना दम आते पुरत नही." पुढे त्याला बोलवेना. छाती भात्यासारखी वर-खाली होऊ लागली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हुस्नबानोने उठून पंप त्याच्या तोंडाला लावला. इतकी वर्षं ज्या आवाजावर जीव टाकला, तो चार हातांवर होता आणि मिळत नव्हता. रडण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

ताईबाईंनी पलंगावरचा त्याचा फोन उचलला.

"कॅसेटवर फोटो मना व्हता, भाऊ," त्या म्हणाल्या. "आवाज नही."

त्यांनी फोन हुस्नबानोच्या तोंडासमोर धरला.

"म्हन वं, बानो. एकच ओळ."

हुस्नबानोने फोनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"यास्नी अट शे, अक्का," ती म्हणाली.