पाचशेचा पुरुषगडी

"अर्ज मागं घे म्हनतो ना!" सखाने तिसऱ्यांदा बजावलं. मोतीबाईने तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"नाय घेत. अंगठे-सह्या अकरा बायांच्या हायेत. मी एकली कोन मागं घेनार?"

नवरा-बायको दोघंही कशेळ्याच्या रस्त्यावर योगेंद्रशेठच्या रोपवाटिकेत कामाला. काम सगळ्यांना तेच. पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, टेंपोत चढवायची. बायांना रोज साडेचारशे. बाप्यांना पाचशे, असं सखा येताजाता ऐकवायचा. एकाच कामाला बाई-बाप्या असा भेद करून मजुरी देता येत नाही, हा कायदा कर्जतच्या कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या समीक्षाने आईच्या कानावर घातला, कामगार कार्यालयाला द्यायचा अर्जही तिनेच लिहून दिला. घरातच घरभेदी!

आणि त्या पाचशेवर तर सखाचं सगळं राज्य उभं होतं. कालवणातला मोठा तुकडा त्याचा. टीव्ही त्याचा. पोरीने पुढे शिकायचं की नाही, हाही निकाल त्याचाच. कोणी तोंड उघडलंच तर तो मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "कमावतं जास्त कोन?"

"मंग घरात कमी कसं येतात वो?" मोतीबाई विचारायची.

"भिशी लावलीय." विषय संपला.

तसा बायांच्या मजुरीचाही एक इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी मजुरी वाढवून दिल्याशिवाय त्या कामावर आणणाऱ्या जीपमधून उतरल्याच नव्हत्या. भर उन्हात दोन तास बसून राहिल्या, शेवटी शेठ घामाघूम होऊन कबूल झाला. सखा आणि त्याचा जोडीदार भिवाजी तेव्हा हसून हसून लोळले होते. "भिकाऱ्यासारकं मागायचं काय? बाप्या मानूस मागत नाय," सखा म्हणाला होता.

आता मात्र त्याचं हसू पार आटलं. तो शेठकडे गेला.

"शेठ, तेवडी मजुरीची वही दडवा."

"सरकारी माणसापासून? मला आत घालतोस काय?"

"मंग हरवली म्हना. उंदरांनी खाल्ली म्हना."

"सखा, अर्ज तुझ्या बायकोचा. मला कशाला गळ घालतोस? जा, तिला समजाव."

ते जमलं असतं तर तो इथे आला असता का! बाहेर भिवाजी विड्यांवर विड्या ओढत उभा होता. "आपली अब्रू जानार रं," तो म्हणाला. सखाला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

सोमवारी कामगार कार्यालयातून अबोली प्रधान मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी सगळ्यांना शेडखाली बसवलं. एकीकडे बाया, दुसरीकडे बाप्ये. बाप्यांच्या माना आधीच खाली.

"पुरुषांना जास्त मिळतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या घरच्यांनीच की!" मोतीबाई उठून म्हणाली. "रोज सांगतात."

मॅडमनी वही मागितली. शेठने निमूट दिली. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

"सखा कोण? ही सही तुमचीच ना?"

"व्हय," सखा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

"तक्रार खरी आहे," मॅडम म्हणाल्या. "मजुरीत फरक आहे, आणि तो बेकायदेशीर आहे."

बायांनी असा गलका केला की रस्त्यावरचा जीपवाला थांबून बघायला लागला. मोतीबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला त्याची दया आली. काही झालं तरी आपलं माणूस. तिने हात जोडले.

"मॅडम, आमाला समान करायच्या नादात आमच्या बाप्यांची मजुरी तेवडी कापू नका. त्यांचा जीव हाय वो त्यात."

"कापता येतच नाही, बाई. समान करायला कोणाचीही कमी करायची नाही, कायद्यातच आहे," मॅडम म्हणाल्या आणि शेठकडे वळल्या. "बायांचे साडेचारशे तसेच राहू द्या. उद्यापासून या पुरुषांचे साडेतीनशेचे साडेचारशे करा."