नवा शर्ट

"रंगीत काढ रे, मुद्दाम नवा शर्ट घातलाय," आचोळ्याच्या नाक्यावर रात्री भुर्जीची गाडी लावणारे दिनानाथकाका म्हणाले होते.

"रंगात चेहरा हरवतो, काका," म्हणत जेन्सनने कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट रोलच भरला.

प्रदर्शनात त्याच फोटोला बक्षीस मिळालं. फोटोसमोरून एक बाई मात्र हलेचना.

"मी त्यांची मुलगी. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाबा माझ्याशी बोलायचे नाहीत. मागच्या महिन्यात गेले. दिवाळीला मी पोपटी शर्ट पाठवला होता. घातला की फेकून दिला, कळलंच नाही. हाच का हो तो?"

जेन्सनने खूप आठवून पाहिलं. काकांच्या कपाळावरची एकेक आठी त्याला पाठ होती. शर्ट तेवढा करडाच आठवत होता.