उलटी गाठ

खोल समुद्राच्या तळाशी जिथं मिथेन वायू झिरपतो, तिथल्या जिवाणूंचा अभ्यास करायला गेलेली आमची लेक मनिषा जहाजावरून पडून बुडाली. देह मिळाला नाही. तिच्या पेटीतून चिखलाची एक बंद बाटली घरी आली. चिखलात साध्या डोळ्यांना दिसणारे पांढरे जिवंत धागे.

सुट्टीत ती सांगायची, "आई, गंधकावर जगत्यात हे धागे. मधली एकच पेशी आपणहून मरती, तिथं धागा तुटतो, आन् दोन्ही तुकडे जगत्यात."

"मग मेलेलीला कोण रडतंय गं?" मी विचारलं, तशी हसली होती.

वडगावात आमचा कापड विणायचा माग आहे. बाटली मी देव्हाऱ्याशेजारी ठेवली. पूजा करून तिच्याकडे बघितल्याशिवाय पाणी घेत नाही.

परवा बाटलीतले तुटलेले धागे जोडलेले दिसले. मागावर मारतो तशीच गाठ, पण उलटी. घरात उलटी गाठ डावखुरी मनिषाच मारायची.

ह्यांना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "बास आता. बाटली नदीत सोडू, पोरीचे दिवस घालू."

"मग गाठी कोण मारतंय?"

"मला इचारू नको गं."

आज पूजेनंतर बाटलीला शेवटचा नमस्कार करायला वाकले. बूच घट्ट होतं. आत एक गाठ अर्धीच पडली होती, आणि तिचं दुसरं टोक लाल होतं. माझ्याच लाल पदरातला एक धागा ताणला जाऊन काचेतून आत गेला होता.

"चल, नदीवर जायला रिक्षा आली," ह्यांनी बाहेरून हाक मारली.

मी पदर ओढून घेतला नाही.