रेघेपर्यंत पाणी

वीज गेली, पंप थांबला आणि खालची टाकी पुन्हा उतू गेली. पाणी कपाटाच्या दारातून थेट धाकट्या दिराच्या खुर्चीपर्यंत पोचलं. त्यानं दोन्ही पाय वर घेतले, पण उठून फडकं काही आणलं नाही. ते तिनंच आणलं.

वर काचेची मोठी टाकी, त्यात मासे. खाली कपाटात दुसरी टाकी. वरचं जास्तीचं पाणी नळीतून खाली उतरायचं, गाळून स्वच्छ व्हायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. हा सगळा खटाटोप नवऱ्यानं हौसेनं उभा केला होता, आणि टाकीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. आता त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. समोरच्या खाटेवर पडून तो टाकीकडे बघत असे. त्याला किती समजतं ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दिरानं त्याचा अर्थ 'काही समजत नाही' असा लावून टाकला होता.

"वहिनी, बास झालं आता," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावरचे भांडायला टपलेलेच आहेत. आज माणूस येतोय टाकी न्यायला. तुम्ही दादाकडे बघणार की माशांकडे? आणि दादाला काय कळतंय त्यातलं?"

हे तो दादाच्या उशाशी बसून बोलत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मासे जगवायचे म्हणजे जगवायचे, भाऊजी," ती म्हणाली आणि तिनं फडकं करकचून पिळलं.

तिचं चुकत तरी काय होतं? खालच्या टाकीच्या काचेवर नवऱ्यानं काळी रेघ मारून ठेवली होती. रोज सकाळी ती बादलीनं बरोबर त्या रेघेपर्यंत पाणी भरायची, केसभर कमी नाही की जास्त नाही. तरी वीज गेली की पूर ठरलेला. त्यात आणखी एक भर. ती पाणी ओतायला लागली की नवरा डाव्या हातानं खाटेचा लोखंडी दांडा बडवायचा. आपल्या टाकीला हात लावला म्हणून चिडतोय, असं तिला वाटायचं. फार वाईट वाटायचं. पण ती हटायची नाही.

आताही खालची टाकी काठोकाठ भरली होती. तिनं मगानं पाणी उपसलं आणि रेघेवर आणून सोडलं. रेघ म्हणजे रेघ. आज खाटेवरून आवाज आला नाही.

वीज आली. पंपानं पाणी वर ओढलं आणि खालची पातळी रेघेच्या पार खाली गेली. सवयीनं तिनं भरायला बादली उचलली.

दांडा वाजला.

ती थांबली. बादली खाली ठेवली. दांडा गप्प. बादली पुन्हा उचलली, दांडा पुन्हा वाजला. ठेवली, गप्प.

ती खाटेजवळ गेली. "अहो, आत्ता भरायचं नाही?"

त्यानं हात दांड्यावरून उचलून छातीवर ठेवला. पोरीला एकदाचं गणित सुटलं की मास्तर बघतात, तसं बघितलं तिच्याकडे.

तिनं जाऊन पंपाचं बटण बंद केलं.

"अहो वहिनी, काय करताय!" दिराचे पाय पुन्हा वर गेले.

वरचं पाणी उतरू लागलं. खालची पातळी चढत चढत रेघेला टेकली आणि तिथंच थांबली. एक थेंब बाहेर आला नाही. रेघ पंप बंद असतानाची होती. ती मात्र चालू पंपावर भरत आली होती, आणि रोज तो तिला तेच सांगत होता. तिला रडू फुटलं आणि त्या रडण्यातच हसूही आलं.

दिराचा फोन वाजला. फोनवर हात धरून त्यानं विचारलं, "वहिनी, तो माणूस खाली येऊन थांबलाय. काय सांगू?"

तिनं पंप सुरू केला आणि ओले हात पुसले.

"त्याला सांगा, मालक नाही म्हणाले."